रस्ता एक, नावं दोन

मॉन्ट्रियलच्या मध्यभागातून रने-लेव्हेक नावाचा रुंद हमरस्ता पूर्व-पश्चिम जातो. त्याच्या दोन्ही अंगांना बँका, मोठी हॉटेलं आणि क्युबेक प्रांताच्या सरकारी वीज कंपनीचं मुख्यालय आहे. पश्चिमेकडे चालत राहिलं की वेस्टमाउंट या जुन्या, सधन, इंग्रजीभाषक नगरपालिकेची हद्द लागते आणि त्याच रस्त्याच्या पाटीवर अचानक ‘डॉर्चेस्टर’ दिसू लागतं. रस्ता वळलेला नसतो की संपलेला नसतो, फक्त नाव बदललेलं असतं. पूर्वी हा सगळाच रस्ता डॉर्चेस्टर होता. लॉर्ड डॉर्चेस्टर हा अठराव्या शतकातला ब्रिटिश गव्हर्नर. १९८७मध्ये क्युबेकचे माजी मुख्यमंत्री रने लेव्हेक यांचं निधन झालं आणि मॉन्ट्रियलने रस्त्याला त्यांचं नाव दिलं. वेस्टमाउंटने आपल्या हद्दीत जुनंच नाव ठेवलं. या शहरात नवा माणूस आला तर त्याने आधी या रस्त्यावरून चालावं असं मला वाटतं, कारण भाषेवरून इथे काय काय घडलं याच्या पुष्कळशा खुणा याच रस्त्यावर सापडतात.

मॉन्ट्रियल द्वैभाषिक आहे असं आपल्याला जाण्याआधीच सांगितलेलं असतं. लोकांच्या बोलण्यात ते आहेच, पण कागदावर नाही. कॅनडाच्या केंद्र सरकारने १९६९च्या कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींना समान दर्जा दिला, म्हणून विमानतळावर आणि पोस्टात दोन्ही भाषा दिसतात. क्युबेक प्रांताची राजभाषा मात्र १९७४पासून एकच आहे, फ्रेंच. मॉन्ट्रियल महापालिकेचीही तीच. मेट्रोत शिरलं की पुढच्या स्थानकाची घोषणा फ्रेंचमध्येच ऐकू येते. चौकातल्या लाल अष्टकोनी पाटीवर ‘आरे’, म्हणजे ‘थांबा’, लिहिलेलं असतं. खुद्द फ्रान्समध्ये त्याच पाटीवर ‘स्टॉप’ असतं. जगभर केएफसी म्हणून ओळखलं जाणारं चिकनचं दुकान पॅरिसमध्येही केएफसीच आहे, मॉन्ट्रियलमध्ये ते पीएफके होतं. जिथे भाषेला धोका वाटत नाही तिथे असली दक्षता लागत नाही, म्हणून फ्रान्सला ती लागली नाही.

पण पाट्यांवरून नजर काढून कान उघडे ठेवले की चित्र बदलतं. सां-लॉराँ रस्त्यावरच्या एका कॅफेत मी रांगेत उभी होते. काउंटरमागची मुलगी प्रत्येकाला एका दमात ‘बोंजूर-हाय’ म्हणायची आणि गिऱ्हाईक ज्या भाषेत उत्तर देईल ती भाषा उचलायची. माझ्या पुढचे आजोबा फ्रेंचमध्ये बोलले. मागच्या दोन विद्यार्थिनी आपसात अरबी बोलत होत्या, मधेच फ्रेंचमध्ये हसत होत्या आणि कॉफी त्यांनी इंग्रजीत मागितली. माझी पाळी आली तेव्हा मी वर्गात शिकलेलं फ्रेंच वापरलं. माझे उच्चार ऐकून ती मुलगी लगेच इंग्रजीवर आली. फ्रेंच शिकणाऱ्या प्रत्येक परक्याला इथे हा अनुभव येतो. ती सौजन्याने भाषा बदलते, पण शिकणाऱ्याचा सराव तिथेच थांबतो. क्युबेकच्या विधानसभेने नोव्हेंबर २०१७मध्ये एकमताने ठराव करून दुकानदारांना नुसतं ‘बोंजूर’ म्हणण्याचं आवाहन केलं. एका अभिवादनावर विधानसभेत ठराव व्हावा याचं आपल्याला नवल वाटतं. तिथला इतिहास थोडा चाळला की हे नवल ओसरतं.

१६४२मध्ये मेझाँनव्ह आणि झान माँस यांच्या नेतृत्वाखाली चाळीस-पन्नास फ्रेंच माणसांनी सेंट लॉरेन्स नदीतल्या या बेटावर वस्ती केली. १७६०मध्ये मॉन्ट्रियल ब्रिटिश फौजेला शरण गेलं आणि १७६३च्या तहाने फ्रान्सने कॅनडावरचा हक्क सोडला. राज्यकर्ते गेले, शेतकरी आणि धर्मगुरू मागे राहिले. नंतर स्कॉटलंड-इंग्लंडहून आलेल्या व्यापाऱ्यांनी कातडी, लाकूड, बँका आणि रेल्वे यांत पैसा केला. मॅकगिल विद्यापीठ ज्यांच्या मृत्युपत्रातून उभं राहिलं ते जेम्स मॅकगिल त्यांच्यातलेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काही दशकं मॉन्ट्रियलमध्ये इंग्रजी बोलणारेच बहुसंख्य होते. पुढे कारखान्यांच्या ओढीने खेड्यापाड्यांतून फ्रेंच कुटुंबं आली आणि लोकसंख्येचं पारडं पुन्हा फिरलं. पैशाचं मात्र फिरलं नाही.

शहराच्या मधोमध उत्तर-दक्षिण धावणारा सां-लॉराँ ही तेव्हाची अलिखित सीमा. घरांचे क्रमांक आजही इथून सुरू होऊन दोन्ही दिशांना वाढत जातात. पश्चिमेला इंग्रज, पूर्वेला फ्रेंच आणि मध्ये या रस्त्याच्या काठाने ज्यू, इटालियन, ग्रीक, पोर्तुगीज. संस्थाही जोडीजोडीने उभ्या राहिल्या. विद्यापीठं दोन्ही भाषांची वेगळी, वर्तमानपत्रं वेगळी, इस्पितळंही वेगळी. हे जुन्या काळापुरतं नाही. मॅकगिलशी जोडलेलं महाकाय इस्पितळ २०१५मध्ये सुरू झालं आणि फ्रेंच विद्यापीठाशी जोडलेलं तसंच दुसरं २०१७मध्ये. रुग्णाला भाषा विचारून कुठेच परत पाठवत नाहीत, पण डॉक्टर घडवण्याच्या दोन परंपरा शेजारी शेजारी जिवंत आहेत. अशा शहरात सीमा ओलांडणारं काही सापडलं की आनंद होतो. आजचं इंग्रजी दैनिक ‘गॅझेट’ १७७८मध्ये फ्लेरी मेस्प्ले या मुद्रकाने फ्रेंच साप्ताहिक म्हणून काढलं होतं. त्यासाठी त्याने तुरुंगवासही भोगला. सुटल्यावर त्याने ते दोन्ही भाषांत काढलं आणि एकोणिसाव्या शतकात ते पूर्ण इंग्रजी झालं. १९४५ या एकाच वर्षी शहराविषयी दोन मोठ्या कादंबऱ्या आल्या, ह्यू मॅक्लेननची इंग्रजीत आणि गाब्रिएल रुआची फ्रेंचमध्ये. मॅक्लेननच्या शीर्षकातली ‘दोन एकांत’ ही कल्पना पुढे इंग्रज-फ्रेंच दुराव्याचं दुसरं नावच होऊन बसली.

रने-लेव्हेक रस्त्यावरच ‘क्वीन एलिझाबेथ’ हॉटेल आहे. कॅनडाच्या सरकारी रेल्वेने पन्नाशीच्या दशकात ते बांधायला घेतलं तेव्हा शहराच्या संस्थापकाचं, मेझाँनव्हचं, नाव द्यावं म्हणून दोन लाखांवर सह्यांचं निवेदन गेलं. रेल्वेने ऐकलं नाही. १९६२मध्ये याच रेल्वेच्या अध्यक्षांना संसदेच्या समितीपुढे विचारणा झाली. कंपनीच्या १७ उपाध्यक्षांत एकही फ्रेंच कॅनेडियन नव्हता. विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा जाळला. मग द्वैभाषिकतेवर नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने १९६१च्या जनगणनेतले आकडे तपासले. क्युबेकमधल्या १४ वांशिक गटांच्या सरासरी उत्पन्नात फ्रेंचांचा क्रमांक बारावा होता. स्वतःच्या प्रांतात ८० टक्के असलेला समाज तिथेच बाराव्या क्रमांकावर होता. मोठ्या दुकानात विक्रेता फ्रेंच समजून घेत नाही, मुकादम इंग्रजीतच हुकूम देतो, बढतीसाठी इंग्रजी लागतं, हा त्या पिढीचा रोजचा अनुभव होता.

या अनुभवाला उत्तर द्यायला सुरुवात त्याआधीच झाली होती. जून १९६०मध्ये क्युबेकमध्ये ज्याँ लसाज यांचं सरकार निवडून आलं. आपल्याकडे महाराष्ट्र राज्य त्याच्या जेमतेम दोन महिने आधी जन्माला आलं होतं. चर्चच्या हातातली शाळा-इस्पितळं सरकारने घेतली, खासगी वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. ते घडवून आणणारे मंत्री म्हणजेच रने लेव्हेक. शेकडो अभियंते फ्रेंचमध्ये धरणं बांधू लागले. उच्च तंत्रज्ञानाला इंग्रजीच हवी हा समज कोणत्याही भाषणाने खोडला नसता, धरणांनी खोडला.

शाळांचं भांडण याहून चिघळलं, आणि त्यामागचं कारण अभ्यासण्यासारखं आहे. क्युबेकच्या शाळा धर्माप्रमाणे विभागलेल्या होत्या. कॅथलिक शाळा प्रामुख्याने फ्रेंच आणि प्रोटेस्टंट शाळा इंग्रजी. ज्यू मुलांना शाळेपुरतं प्रोटेस्टंट मानणारा कायदा १९०३चा. ग्रीक मुलंही प्रोटेस्टंट शाळांच्याच वाट्याला गेली. म्हणजे परक्या मुलांना फ्रेंच समाजाच्या संस्थांनीच दाराबाहेर ठेवलं आणि ती इंग्रजी झाली. नंतर कॅथलिक इटालियन कुटुंबंही नोकरीचा हिशोब करून इंग्रजी निवडू लागली. सां-लेओनार या उपनगरातल्या शाळा मंडळाने १९६८मध्ये फ्रेंचची सक्ती केली आणि पुढच्या वर्षी तिथे दंगल झाली. निर्वासित आणि स्थलांतरित इंग्रजीकडे गेले, फ्रेंचांचा जन्मदर घसरला, तर दोन पिढ्यांत मॉन्ट्रियल हातचं जाईल, ही भीती घराघरांत शिरली.

२६ ऑगस्ट १९७७ रोजी लेव्हेक सरकारने ‘फ्रेंच भाषेची सनद’ मंजूर केली. लोक तिला ‘१०१वा कायदा’ म्हणतात. तिचे शिल्पकार कामीय लोराँ हे पेशाने मनोविकारतज्ज्ञ होते. या कायद्याची जगभर चर्चा झाली ती पाट्यांवरून. सुरुवातीला पाट्या फक्त फ्रेंच असाव्यात असा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्ये तो अमान्य केला आणि १९९३पासून इंग्रजी चालेल, पण फ्रेंच ठळकपणे वरचढ हवी, असं ठरलं. जून २०२५पासून हे नियम आणखी कडक झाले आहेत. पण पाटी हा या कायद्याचा सर्वांत वरवरचा भाग आहे. खरा जोर आहे तो दोन कलमांत. पहिलं, स्थलांतरितांच्या मुलांनी अनुदानित शाळांत फ्रेंचमध्येच शिकायचं. दुसरं, ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या खासगी कंपनीने आपलं आतलं कामकाज फ्रेंचमध्ये चालवायचं आणि तसं प्रमाणपत्र मिळवायचं. २०२२च्या नव्या कायद्याने ही मर्यादा २५वर आणली.

किंमत मोजावी लागली, ती झाकून ठेवणं बरोबर नाही. पुढच्या काही वर्षांत लाखाहून अधिक इंग्रजीभाषक प्रांत सोडून गेले. सन लाइफ या विमा कंपनीने १९७८मध्ये मुख्यालय टोरांटोला हलवण्याचं जाहीर केलं. कॅनडाची आर्थिक राजधानी म्हणून टोरांटो आधीच पुढे सरकत होतं, मॉन्ट्रियल कायमचं मागे पडलं. १९९५च्या सार्वमतात कॅनडातून फुटण्याचा प्रस्ताव ५०.५८ विरुद्ध ४९.४२ टक्क्यांनी पडला, इतका हा समाज दुभंगलेला होता.

तरीही आजचं मॉन्ट्रियल पाहताना मला त्या कायद्याचं फळ दिसतं. कायद्याआधी परक्या भाषांतली बहुतांश मुलं इंग्रजी शाळांत जात होती, आज दहातली जवळपास नऊ फ्रेंच शाळांत जातात. व्हिएतनामी, हैतीयन, लेबनीज, तमिळ आणि पंजाबी घरांतली ही ‘१०१ची मुलं’. आयटीच्या नोकरीसाठी तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलंही त्यांच्यातच आली. घरात मराठी, शाळेत फ्रेंच, मैदानावर इंग्रजी असं त्यांचं बालपण. शहरात राहिलेल्या इंग्रजीभाषकांनीही फ्रेंच आत्मसात केली. २०२१च्या जनगणनेत क्युबेकमधले ४६.४ टक्के लोक दोन्ही भाषा बोलणारे निघाले. साऱ्या कॅनडात हे प्रमाण १८ टक्के आहे. कॅफेतल्या त्या मुलीची सहजता निसर्गाने दिलेली नाही. फ्रेंच शिकण्याची गरज निर्माण केली गेली, म्हणून दोन्ही बाजूंनी पूल बांधला गेला. गरज एकाच बाजूला असते तेव्हा त्याला द्वैभाषिकता म्हणत नाहीत. तिथे दुबळ्या बाजूने जुळवून घेतलेलं असतं, इतकंच.

एक गोष्ट मात्र मला खुपते. नदीच्या पलीकडे कानावागे ही मोहॉक आदिवासींची वस्ती आहे. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही त्यांच्यावर बाहेरून आलेल्या. सनद आली तेव्हा त्यांनाही शिक्षणाच्या नियमांत बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्याला विरोध म्हणून १९७८मध्ये त्यांनी स्वतःची माध्यमिक शाळा काढली. २०२२च्या कायद्यालाही त्यांचा विरोध आहे. मॉन्ट्रियलने अलीकडे थोडी दुरुस्ती केली. शहराच्या ध्वजावर फ्रेंच, इंग्लिश, स्कॉटिश आणि आयरिश फुलं होती, २०१७मध्ये मधोमध आदिवासींचं प्रतीक म्हणून पांढरा पाइन आला. आदिवासींचा शत्रू जनरल ॲमहर्स्टच्या नावाच्या रस्त्याला २०१९मध्ये मोहॉक नाव मिळालं. पण आपली भाषा वाचवण्यासाठी झगडलेल्या समाजाला शेजारच्या लहान भाषेचं दुःख लवकर दिसायला हवं होतं. आपल्याकडे कोरकू, गोंडी, भिली बोलणाऱ्या मुलांच्या शाळेचा विचार करताना मराठी माणसाला हाच प्रश्न लागू होतो.

तुलना करताना आकडे ध्यानात असू द्यावेत. २०२१च्या जनगणनेत क्युबेकची सगळी लोकसंख्या ८५ लाख. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख. कायद्यांची आपल्याकडेही वाण नाही. राजभाषा अधिनियम १९६४चा, शाळांत मराठी सक्तीचा कायदा २०२०चा, दुकानांच्या मराठी पाट्यांसाठीची दुरुस्ती २०२२ची. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना या पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. पहिलीपासून हिंदीचा निर्णय जनमताच्या रेट्यामुळे जून २०२५मध्ये मागे घ्यावा लागला. आपली ऊर्जा मात्र पाट्या आणि शाळेच्या वेळापत्रकातच खर्च होते. पुण्या-मुंबईतल्या खासगी कंपनीत बैठकीची, बढतीची, पगारपत्रकाची भाषा कोणती असावी, हा विषय आपल्या कोणत्याही कायद्याने धरलेला नाही. मराठीसाठी झटणाऱ्या संघटनांनी, विधिमंडळातल्या सदस्यांनी आणि भाषा विभागाने क्युबेकच्या सनदेतलं कामाच्या भाषेवरचं प्रकरण मिळवून वाचावं, त्याचा मराठी अनुवाद करून घ्यावा आणि पुढच्या अधिवेशनात त्यावर चर्चा मागावी.