दिव्याला भुललेले, पात्यांना भ्यालेले

जर्मनीच्या बोर्कुम बेटापासून ४५ किलोमीटरवर, भर उत्तर समुद्रात ‘फिनो-१’ नावाचा संशोधन मनोरा उभा आहे. ऑक्टोबर २००३ ते डिसेंबर २००४ या काळात तिथे सापडलेला प्रत्येक मेलेला पक्षी संशोधकांनी उचलला, तपासला, मोजला. ४४२ भरले. बहुतेक छोटे गाणारे पक्षी, त्यातही कस्तुराच्या जातीचे जास्त. लाटांवर पडून वाहून गेले, त्यांची तर गणतीच नाही.

यातले निम्म्याहून जास्त पक्षी अवघ्या दोन रात्रींत मेले. दोन्ही रात्री धुक्याच्या आणि रिमझिमीच्या होत्या. आणि त्या वेळी आसपास एकही पवनचक्की नव्हती, होता तो फक्त दिवे लावलेला मनोरा.

छोटे पक्षी स्थलांतर करतात ते बहुधा रात्री. आकाश निरभ्र असेल तर ते इतके उंच उडतात की खालच्या मनोऱ्यांशी त्यांचा संबंधच येत नाही. पाऊस-धुक्याने गाठले की मात्र ते खाली उतरतात. तारे दिसेनासे होतात, समोर एकच उजेड उरतो आणि थवा त्याच्याभोवती घिरट्या घालत राहतो. अशा रात्री शेजारी पाती फिरत असतील तर काय होईल, याची धास्ती पक्षी-अभ्यासकांना वाटते ती उगाच नाही.

मोठ्या पक्ष्यांची कथा निराळी. डेन्मार्कमधल्या न्यूस्टेडला २००३ मध्ये बाल्टिक समुद्रात ७२ चक्क्या उभ्या राहिल्या. तिथून दरवर्षी आयडर बदकांचे मोठाले थवे जातात. रडारवर त्यांच्या वाटा रेघांसारख्या उमटल्या. चक्क्यांच्या आधीच्या वर्षांत सरळ असलेल्या रेघा आता चक्क्यांपर्यंत पोहोचण्याआधीच वळल्या होत्या. जे थोडे थवे आत शिरले, त्यांनीही दोन रांगांमधली मोकळी वाट धरली. धोका व्हावा इतके जवळून गेले ते एक टक्क्याहूनही कमी. सुमारे चौदाशे किलोमीटरच्या प्रवासात हा वळसा जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा पडतो.

वळसा घालून पुढे जाणाऱ्याचे निभावते. ज्याला तिथेच राहायचे असते, त्याचे काय?

लाल गळ्याचा लून हा मासे बुडी मारून पकडणारा, विलक्षण भित्रा पक्षी. दुरून बोट दिसली तरी तो उडून जातो. उत्तरेकडच्या विणीच्या तळ्यांवर परतण्याआधी हे लून जर्मनीच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात जमतात आणि पोटभर खाऊन घेतात. चक्क्या आल्यावर त्यांच्या आत आणि भोवतीच्या एक किलोमीटरच्या पट्ट्यात लूनची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. दहा किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यातही ती निम्म्यावर आली. एकही पक्षी पात्याला न धडकता एवढा समुद्र त्यांच्या हातून गेला. मेलेले पक्षी मोजता तरी येतात. हे नुकसान कोणत्याही मनोऱ्यावर पडलेले सापडत नाही, म्हणूनच ते अधिक गंभीरपणे घ्यायला हवे.

पात्यांच्या धोक्यावर नेदरलँड्सने एक सरळ उपाय काढला. पक्ष्यांची मोठी लाट कोणत्या रात्री येणार, याचा अंदाज दोन दिवस आधी बांधायचा आणि तेवढ्यापुरत्या चक्क्या मंदावायच्या. आधी कळल्यामुळे विजेची दुसरी सोयही करता येते. १३ मे २०२३ च्या रात्री बोर्सेले आणि एग्मोंड इथली पाती चार तास मिनिटाला जास्तीत जास्त दोन फेऱ्यांवर आणली गेली. वर्षातल्या मोजक्याच रात्री खरोखर घातक असतील, तर हा सौदा महाग म्हणता येणार नाही.

लूनला मात्र याचा काही उपयोग नाही. त्याला थांबलेली पातीही नको असतात. त्याच्यासाठी काही करायचे तर ते नकाशावर जागा ठरवतानाच करावे लागते, आणि जर्मनीच्याच झिल्ट बेटाच्या पश्चिमेला ‘बुटेनडीक’ पवनप्रकल्पाच्या ८० चक्क्या २०१५ पासून उभ्या आहेत त्या पक्ष्यांसाठी राखलेल्या समुद्रातच.