स्विमिंग पूलच्या तळाशी जेवणाची टेबलं, शेजारी चर्चिलचा सिंह: बंद पडलेल्या हॉटेलचं म्युझियम कसं झालं?

अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये सेंट ऑगस्टीन नावाचं गाव आहे. स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्ये वसवलेलं. या गावातल्या एका जुन्या इमारतीत लोक चक्क स्विमिंग पूलच्या तळाशी बसून जेवत आलेत. पाणी कधीच गेलं, पण उतरता तळ तसाच आहे. म्हणजे जिथे एकेकाळी बारा फूट पाणी होतं, तिथे आता सूप येतं.

याच इमारतीत एक म्युझियम आहे, लाइटनर म्युझियम. आत टिफनीच्या रंगीत काचा आहेत, शंभर वर्षांपूर्वीची आपोआप वाजणारी वाद्यं आहेत, बटणांचे ढीग आहेत आणि एक पेंढा भरलेला सिंहही आहे. हा सिंह साधासुधा नाही. याचं नाव रोटा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो विन्स्टन चर्चिल यांना भेट मिळाला होता. चर्चिल काही त्याला घरी ठेवू शकत नव्हते, त्यामुळे तो राहायचा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात.

आता प्रश्न असा की हे सगळं एका छताखाली आलं कसं?

तर सुरुवात होते हेन्री फ्लॅगलर या माणसापासून. स्टँडर्ड ऑइल कंपनीतला रॉकफेलरचा भागीदार. पैसा किती, याचा हिशोब करायला बसू नका. १८८३ च्या हिवाळ्यात दुसऱ्या लग्नानंतर तो बायकोला घेऊन सेंट ऑगस्टीनला आला. गाव आवडलं, पण राहायला धड हॉटेल नाही. तुम्ही-आम्ही अशा वेळी वाईट रिव्ह्यू टाकला असता. फ्लॅगलरने हॉटेलच बांधलं. एक नाही, दोन.

पहिलं पॉन्स दे लिऑन, अतिश्रीमंतांसाठी. ते जानेवारी १८८८ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी नाताळात रस्त्याच्या पलीकडे दुसरं उघडलं, अल्काझार. हे त्या मानाने परवडणारं, पण मौजमजेचा सगळा मामला इथेच होता. टर्किश बाथ, रशियन बाथ, व्यायामशाळा, नाचाचा मोठा हॉल आणि १२० फूट लांब, ५० फूट रुंद इनडोअर स्विमिंग पूल. नाचाचा हॉल असा बांधला होता की वरून खाली पोहणारे दिसावेत.

दोन्ही हॉटेलांचं डिझाइन केलं जॉन कॅरेर आणि थॉमस हेस्टिंग्ज या दोन तरुण आर्किटेक्टनी. पुढे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची प्रसिद्ध इमारत उभारली तीही याच जोडीने. आपल्या कथेसाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे या दोघांनी भिंती काँक्रीटच्या ओतल्या. त्या भागात बारीक शिंपल्यांचा थर दाबला जाऊन तयार झालेला कोकिना नावाचा दगड मिळतो. त्याच शिंपल्यांचा चुरा काँक्रीटमध्ये मिसळला. अमेरिकेत तेव्हा असं बांधकाम नवीनच होतं.

गंमत पुढे आहे. अल्काझारचे गिऱ्हाईक पळवले कुणी? खुद्द फ्लॅगलरने. त्याने आपली रेल्वे दक्षिणेकडे वाढवत नेली. १८९४ मध्ये पाम बीच, १८९६ मध्ये मायामी. आणखी उबदार हवा मिळत असेल तर थंडीला कंटाळलेली श्रीमंत मंडळी मध्येच सेंट ऑगस्टीनला कशाला उतरतील? नवी लाकडी हॉटेलं तिकडे भरू लागली. त्यात १९२९ ची महामंदी आली आणि १९३२ मध्ये अल्काझारला कुलूप लागलं.

इथे एन्ट्री होते ओटो लाइटनरची. शिकागोचा प्रकाशक. 'हॉबीज' नावाचं मासिक काढायचा. प्रत्येक माणसाला काहीतरी छंद हवाच, हे त्याचं ठाम मत. मंदीत शिकागोचे भले भले शेठ बसले आणि त्यांच्या हवेल्यांमधलं सामान विकायला निघालं. काचसामान, फर्निचर, पुतळे, सगळं पडत्या भावात. लाइटनर ते घेत सुटला. दुसऱ्या बाजूने छंदी लोकांचे संग्रहही त्याच्याकडे येत होते. मग इतका पसारा ठेवायचा कुठे?

१९४६ च्या सुमाराला त्याने रिकामं पडलेलं अल्काझार सुमारे दीड लाख डॉलरला घेतलं. १९४८ मध्ये म्युझियम उघडलं आणि नंतर सगळं गावाच्या हवाली केलं. म्हणजे मंदीत बुडालेल्या घरांचं सामान मंदीत बुडालेल्या हॉटेलात येऊन पडलं. १९५० मध्ये लाइटनर वारला. त्याची कबर याच इमारतीच्या अंगणात आहे.

खरं सांगायचं तर एखाद्या कडक म्युझियमवाल्याला हा संग्रह म्हणजे भेळ वाटेल. उंची काचेच्या दालनाजवळच आगपेट्यांच्या लेबलांसारख्या किरकोळ वस्तू. पण शाही थाटाची फुलदाणी कुणीही जपतं, १८९० मधलं बटण कोण जपणार? लाइटनरला दोन्हींत फरक वाटत नव्हता, म्हणून आज दोन्ही शिल्लक आहेत.

इमारत तरी का वाचली? एक तर ती गावाच्या मालकीची झाली. नगरपालिकेची कार्यालयंही इथेच आली, त्यामुळे तिला रोजचा वापर मिळाला. वापरातली इमारत पाडायला निघणं अवघड असतं. समोरचं पॉन्स दे लिऑनही असंच टिकलं. १९६८ पासून तिथे फ्लॅगलर कॉलेज भरतं. दुसरं कारण ते काँक्रीट. गिऱ्हाईक ज्या लाकडी हॉटेलांकडे गेलं, त्यातलं मायामीचं रॉयल पाम १९३० मध्ये पाडलं गेलं आणि पाम बीचचं अवाढव्य रॉयल पॉइन्सियाना १९३५ मध्ये.

सध्याचं संकट मात्र वेगळं आहे. सेंट ऑगस्टीन समुद्राच्या पातळीपेक्षा जेमतेम वर आहे. २०१६ मध्ये मॅथ्यू आणि पुढच्याच वर्षी इर्मा चक्रीवादळाने गावाच्या जुन्या भागात पाणी घुसवलं. भरतीला पाऊस जोडून आला तरी इथले काही रस्ते तुंबतात. इमारत गावाची, त्यामुळे ती कोरडी ठेवायची चिंताही गावालाच. आणि पूल आहे तळमजल्यावर.