बेंबीला येणारी पाळी

दर महिन्याला पाळीच्या दिवसांत बेंबी सुजते, ठणकते, काळीनिळी पडते आणि कधी तिच्यातून रक्तही येतं. पुढे काही दिवसांत सगळं ओसरतं. बाईने हे सांगितलं, तर तिच्या हातात बहुधा जंतुसंसर्गाचं मलम पडतं. पण ती सांगते ते खरं असतं. तिच्या बेंबीला खरोखरच पाळी येत असते.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढल्या, की त्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो, बहुतेकींना ओटीपोटात. बेंबीतला प्रकार फार विरळा. १८८६ मध्ये विलार यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून तिथल्या गाठीला विलारची गाठ म्हणतात. गर्भाशयापासून इतक्या लांब, थेट कातडीखाली येऊन पडलेल्या या पेशी रक्तातून येणारी संप्रेरकं ओळखतात, फुगतात, आणि गर्भाशयातलं अस्तर झडू लागलं की त्यांनाही रक्तस्राव होतो. मला याचं नवल सरता सरत नाही.

त्या तिथे पोचतात कशा? दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बेंबीतून नळी घातली जाते, तेव्हा काही पेशी वाटेतच रुजू शकतात. पण पोटाला कधी सुरीच लागलेली नाही, अशा बायकांनाही ही गाठ होते. तिथे रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांचा मार्ग संभवतो, किंवा त्या जागच्याच पेशींनी रूप पालटल्याची शक्यता मांडली जाते. बेंबी हाही शेवटी एक व्रणच, जन्मतः प्रत्येकाला मिळालेला.

निदानाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने व्हायला हवी: हे पाळीबरोबर वाढतं का? प्रश्न फुकटचा आहे, तरी राहून जातो, याचं वाईट वाटतं. मात्र तेवढ्यावर थांबून चालत नाही, कारण काही गाठी पाळीचं वेळापत्रक पाळत नाहीत, आणि बेंबीत गाठ येण्याची कारणं अनेक. हर्निया असू शकतो. पोटातल्या कर्करोगाचीही गाठ इथे उमटते. अमेरिकेत रॉचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी रुग्णांची तयारी करताना सिस्टर मेरी जोसेफ यांच्या ती लक्षात आली, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. म्हणून सोनोग्राफी करतात. एमआरआयमध्ये गाठीतलं साकळलेलं रक्त दिसू शकतं. पण खात्री पटते ती सूक्ष्मदर्शकाखालीच: बेंबीच्या कातडीत गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथी आणि त्यांच्याभोवतीची ऊती!

संप्रेरकांच्या गोळ्यांनी दुखणं कमी होतं, गाठ आक्रसतेही; गोळ्या थांबल्या की त्रास परतू शकतो. खरा उपाय शस्त्रक्रिया. भोवतालच्या थोड्या निरोगी ऊतीसकट गाठ संपूर्ण काढतात. ती खोल गेली असेल, तर पोटाच्या भिंतीचा तेवढा भाग काढून तिथे नीट शिवावं लागतं. ओटीपोटातही आजार असल्याचा संशय असेल, तर त्याच भुलीत दुर्बिणीने आत पाहून घेतात. कधी अख्खी बेंबीच काढावी लागते. मग आजूबाजूची कातडी जुळवून, ती खालच्या मजबूत पडद्याला टाक्यांनी ओढून बांधून, सर्जन नवी खळी घडवतात. गाठ पूर्ण निघाली असेल, तर ती पुन्हा उद्भवणं विरळच.