हजार संगणकांतून एक पत्ता

२००३ साली अमेरिकेतील लिंडन लॅब या कंपनीने ‘सेकंड लाइफ’ नावाचे एक आभासी जग खुले केले. त्यातील जमिनीचे २५६ मीटर लांब-रुंद असे चौरस तुकडे पाडलेले आहेत. सारे जग एका संगणकाला पेलणारे नाही, म्हणून हे तुकडे अनेक सर्व्हरांवर, म्हणजे माहिती पुरविणाऱ्या संगणकांवर, वाटून दिलेले असतात.

आता समजा, अशा एका जगात १०२४ सर्व्हर आहेत आणि तुम्हाला त्यातील ग्रंथालय शोधायचे आहे. ते कोठे आहे हे कसे कळणार? सर्व नोंदी एकाच संगणकावर ठेवल्या, तर तो बंद पडताच शोधही थांबेल. प्रत्येक सर्व्हरला विचारत बसलो, तर एका प्रश्नासाठी हजारभर निरोप धाडावे लागतील. मग हजारो लोकांनी एकदम विचारले तर?

२००१ साली हरी बालकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉर्ड’ नावाची एक युक्ती मांडली. ती अशा जगालाही लागू पडते. वहीत एक वर्तुळ काढा. त्यावर घड्याळातल्या आकड्यांप्रमाणे ० ते १५ असे १६ सर्व्हर मांडा. प्रत्येकाला चारच पत्ते ठाऊक असतात : आपल्यापुढचा पहिला, दुसरा, चौथा आणि आठवा.

वस्तूच्या नावावरून ठराविक गणिती नियमाने एक आकडा काढतात. त्या आकड्याच्या सर्व्हरवर तिचा ठावठिकाणा नोंदलेला असतो. समजा, ‘ग्रंथालय’ या नावाचा आकडा १३ आला आणि तुम्ही ० ला विचारले. त्याला १३ चा पत्ता ठाऊक नाही, पण ८ चा आहे. ८ ने १२ कडे पाठविले, १२ ने १३ कडे. तीन उड्यांत काम झाले!

असे का होते? प्रत्येक उडीत उरलेले अंतर निम्मे किंवा त्याहूनही कमी होते. म्हणून १०२४ सर्व्हर असले, तरी फार तर १० उड्या पुरतात. सुमारे दहा लाख असले, तर २०. शेजारच्या सर्व्हरांवर नोंदींच्या प्रती ठेवल्या, की एखादा बंद पडला तरी अडत नाही.

मात्र नाव अचूक हवे. ‘ग्रंथालय’ऐवजी ‘वाचनालय’ म्हटले, की आकडाच बदलतो! अशा शोधासाठी प्रत्येक शब्दाची वेगळी नोंद करावी लागते.

आता तुम्हीच सांगा : ० पासून निघाल्यास सर्वांत जास्त उड्या कोणत्या सर्व्हरपर्यंत लागतील?