प्रयोगशाळेचें सोवळें

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, इमारतीच्या आवारांत वा गच्चीवर पालक-मेथी लावण्याची हौस अनेक कुटुंबांत दिसते. हौस स्तुत्य आहे. परंतु सोयरीक जुळवितांना सात पिढ्यांची चौकशी करणारे आपण, मुलांच्या ताटांतली भाजी जेथें वाढते त्या मातीच्या एका पिढीचीही विचारपूस करीत नाहीं, हें आम्हांस विलक्षण वाटतें.

या मातीला पूर्वेतिहास आहे. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत लालबहादुर शास्त्री मार्गावर एके काळीं कारखान्यांची रांग होती. त्यांपैकीं अनेकांच्या जागीं आज निवासी मनोरे उभे आहेत. बोरिवलीजवळील गोराईचें डंपिंग ग्राउंड 2007 सालीं बंद झालें, आणि 1967 पासून चालू असलेलें मुलुंडचें 2018 सालीं. पेट्रोलांत शिसें मिसळणें आपल्या देशांत 2000 सालीं थांबलें. परंतु कारखाना गेला, कचरा थांबला, तरी धातु कुजत नाहींत. शिसें व कॅडमियम मातींत दशकानुदशकें राहतात. त्यांत शिसें हें लहान मुलांच्या वाढत्या मेंदूस विशेष घातक. त्याचें सुरक्षित असें कोणतेंही प्रमाण ज्ञात नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तेव्हां माती तपासून घ्यावी हें उचितच. पण 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद वाफ्यांतील वरची 15 सेंटिमीटर माती सुमारें 10 टन भरते, आणि प्रयोगशाळेंत विरघळविली जाते ती अर्धा ग्रॅम! दोन कोटी भागांतील एका भागानें सर्वांची साक्ष द्यावयाची. ती साक्ष खरी उतरावी म्हणूनच पूर्वतयारीचें कडक सोवळें पाळावें लागतें.

प्रथम वाफ्यांतील आठ-दहा ठिकाणचा पालापाचोळा दूर करून थोडथोडी माती घ्यावी व एकत्र कालवावी. यासाठीं लाकडी वा प्लॅस्टिकचें साधन बरें. जस्ताचा मुलामा दिलेली बादली वा रंग उडालेलें खुरपें नको. त्यांतील धातु मातींत उतरतो. मग ढीग सपाट करून त्याचे चार भाग पाडावे, समोरासमोरचे दोन ठेवून उरलेले टाकावे, आणि असें करीत अर्धा किलो माती राखावी.

प्रयोगशाळेंत ही माती सावलींत पसरून वाळवितात. घाईनें भट्टींत तापविल्यास पारा उडून जातो, आणि नसलेली शुद्धता कागदावर उमटते. मग खडे-मुळ्या वेंचून, ढेकळें लाकडानें फोडून माती 2 मिलिमीटरच्या नायलॉनच्या चाळणींतून चाळतात. पितळी चाळणीनें येथें विटाळ होतो, कारण पितळ म्हणजे तांबें व जस्त. त्यानंतर ती अकीकाच्या खलांत पिठासारखी बारीक करतात. घरचा पितळी खलबत्ता येथेंही वर्ज्य.

त्यांतील अर्धा ग्रॅम तोलून, एक भाग नत्राम्ल व तीन भाग हायड्रोक्लोरिक अम्ल मिळून होणाऱ्या अम्लराजांत तापवितात. सोन्यासही विरघळविणारें हें मिश्रण. त्याची वाफ दाहक, म्हणून हें काम धूर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटांतच चालतें. उरलेले वाळूचे कण गाळून, द्रावण शुद्ध पाण्यानें ठराविक मापापर्यंत भरून यंत्रापुढें ठेवतात. भांडीं आधींच सौम्य नत्राम्लांत रात्रभर भिजविलेलीं असतात. शिवाय एका भांड्यांत माती न घालतांच सारा विधि केला जातो. त्यांत धातु आढळला, तर दोष मातीचा नव्हे, भांड्याचा वा अम्लाचा, हें उघड होतें.

म्हणून घरच्या कर्त्या मंडळींस आमची विनंति अशी कीं, अहवाल घेतांना दोन प्रश्न जरूर विचारावे: माती कशी वाळविली, आणि माती न घातलेल्या भांड्याचा आंकडा काय आला? सदोष अहवालानें निष्कारण भीति पसरते, किंवा त्याहून वाईट म्हणजे निष्कारण निश्चिंती. अहवाल खरा असून प्रमाण अधिक निघालें, तरी हवालदिल होऊं नये. त्या वाफ्यांत फुलझाडें लावावीं, भाजीसाठीं तपासलेल्या मातीच्या कुंड्या वेगळ्या ठेवाव्या, आणि आवारांत खेळून आलेल्या मुलांचे हात जेवणापूर्वीं साबणानें धुवावे.