मधुमेह्यासाठीं भुईमूग-जवसाचा पाव

मधुमेह जडलेल्या माणसास "भाकरी कमी करा" असें सांगणें सोपें आहे. तिच्या जागीं काय खावें, हें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. गहूं सोडून ज्वारी धरिली म्हणजे झालें, असा समज आपल्याकडे दृढ आहे. परंतु दोहोंच्याही १०० ग्रॅम पिठांत पिष्टमय अंश ६५ ते ७० ग्रॅम असतोच. भुईमुगाच्या दाण्यांत तो २० ग्रॅमहून कमी. आणि जवसांत जो दिसतो तो बहुतेक चोथाच असून त्याची रक्तांत साखर होत नाहीं. १९२२ सालीं इन्सुलिनचा उपचार सुरू होण्यापूर्वीं युरोपांत मधुमेह्यांस बदामाच्या पिठाचा पाव देत असत. तें काम आमच्या मतें आपला भुईमूग स्वस्तांत करितो.

दाणे १५० ग्रॅम मंद भाजून, सालें पाखडून, पुरते निवल्यावर थोडे थोडे दळावे. ऊन असतां दळल्यास तेल सुटून लगदा होतो. जवस १०० ग्रॅम त्याच दिवशीं दळावें, कारण त्याचें पीठ लवकर खवट होतें. या पिठांत गव्हाचा चिकटपणा नसल्यानें यीस्टचा वायु कोंडून राहत नाहीं. म्हणून ४ अंडीं फेसून घालावीं. भिजून बुळबुळीत झालेलें जवस त्यांस साह्य करितें. अर्धी वाटी आंबट दहीं व मीठ घालून दहा मिनिटें ठेवावें, आणि शेवटीं अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा मिसळून लगेच तेल लावलेल्या डब्यांत ओतावें. ओव्हनमध्यें १८० अंशांवर सुमारें ४५ मिनिटें लागतात. ओव्हन नसल्यास जाड पातेल्यांत वाळू तापवून, वर तिवई ठेवून, झांकण घालून मंद आंचेवर भाजावें. सुरी खुपसून कोरडी निघाली म्हणजे झाला. अंडें वर्ज्य असणारांनीं पावाच्या नादीं न लागतां याच पिठाचें थालीपीठ करावें.

दाण्यांविषयीं मात्र हयगय नको. चांगला माल आडत्याकडे आणि डागी, सुरकुतलेला घरीं, ही रीत येथें घातक आहे. १९६० सालीं इंग्लंडांत भुईमुगाच्या पेंडीनें एक लाखावर टर्की पक्षी मेले, व त्यावरून बुरशीचें अफ्लाटॉक्सिन हें विष उजेडांत आलें. तें यकृतास मारक असून भाजण्यानें पुरतें जात नाहीं.

इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असणारांनीं डॉक्टरांस विचारूनच हा पालट करावा. औषध तेंच आणि भाकरी बंद, असें झाल्यास साखर एकाएकीं घसरून माणूस घामाघूम होतो, प्रसंगीं बेशुद्धही पडतो.

पाव बाजारच्यासारखा मऊ होत नाहीं, जड होतो. तेलाचा अंश मोठा असल्यानें एका वेळीं दोन पातळ काप पुरेत.