दिवस मोजणारा मासा

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, ओढे-नाले वाहू लागले, की रोहा-कोलाड भागातील माणसे पागजाळी घेऊन बाहेर पडतात. नदी-खाडीतील मासे या दिवसांत प्रवाहाच्या उलट दिशेने चढत ओढ्यांत आणि भातशेतांत शिरतात. इकडे त्यांना वलगणीचे मासे म्हणतात, इतरत्र चढणीचे. बाजारात चिवणी येते आणि ती कापली की पोटात पिवळ्या गाबोळीचे दोन भरगच्च पट्टे दिसतात.

वर्गात विचारून पाहा, "चिवणीच्या पोटात गाबोळी आत्ताच का?" बहुतेक मुले सांगतील, "पाऊस आला म्हणून." हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. पाऊस येऊन चार दिवस झालेले असतात, पण एवढी अंडी चार दिवसांत तयार होत नाहीत. त्यांत पोषणद्रव्य भरायला काही आठवडे, अनेक जातींत काही महिने लागतात. म्हणजे आकाशात ढगाचा ठिपकाही नसताना, मार्च-एप्रिलच्या सुमारास, माशाच्या शरीरात तयारी सुरू झालेली असते. पाऊस येणार हे त्याला कोणी सांगितले?

न चुकणारे पंचांग

पावसाचे आगमन कधी आठवडाभर आधी, कधी पंधरा दिवस उशिरा. पाण्याचे तापमानही ढगांप्रमाणे आणि वाऱ्याप्रमाणे बदलते. दरवर्षी त्याच तारखेला तितकीच असते अशी एकच गोष्ट निसर्गात आहे, ती म्हणजे दिवसाची लांबी.

कोलाड सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्योदय ते सूर्यास्त हा काळ सुमारे ११ तासांचा असतो, तर २१ जूनच्या सुमारास सुमारे सव्वातेरा तासांचा. फरक सव्वादोन तासांचा. मार्चमध्ये दिवस रोज जेमतेम मिनिटभराने वाढतो. हे आपल्या लक्षातही येत नाही, पण माशाचे शरीर त्याची नोंद ठेवते.

प्रकाशाची नोंद कशी होते?

माशाच्या मेंदूच्या वरच्या भागात, कवटीच्या पातळ हाडाखाली, पिनियल नावाचा छोटा अवयव असतो. माणसातही पिनियल ग्रंथी आहे, पण तिला प्रकाशाची माहिती डोळ्यांमार्फत मिळते. माशाच्या पिनियलमधील पेशी मात्र स्वतः प्रकाश ओळखतात. अंधार पडला की हा अवयव मेलॅटोनिन हे संप्रेरक रक्तात सोडतो, उजाडले की थांबतो. रात्र मोठी असेल तर मेलॅटोनिन जास्त वेळ वाहते, लहान असेल तर कमी वेळ. अशा रीतीने रात्रीची लांबी रक्तात लिहिली जाते.

पण माशाचा हा एकमेव प्रकाशमापक नाही. मेंदूच्या तळाशी, पियूषिका ग्रंथीच्या मागे, रक्तवाहिन्यांनी भरलेली एक पिशवी असते. ही पिशवीही ऋतूची नोंद घेते, असे जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मासू सामन या माशात दाखवून दिले.

पुढची साखळी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवता येईल. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पियूषिका ग्रंथीला निरोप देतो. पियूषिका जननग्रंथींना चेतवणारी दोन संप्रेरके सोडते. त्यांपैकी पहिले मुख्यतः वाढीच्या काळात काम करते. त्याच्यामुळे मादीच्या अंडाशयात इस्ट्रॅडिओल तयार होते. इस्ट्रॅडिओल रक्तावाटे यकृतात जाते आणि यकृत बलकाचे प्रथिन बनवू लागते. हे प्रथिन पुन्हा रक्तातून अंडाशयात येऊन अंड्यांत साठते. गाबोळीचा बराचसा माल असा यकृताच्या कारखान्यात तयार झालेला असतो. दुसऱ्या संप्रेरकाची पाळी अगदी शेवटी येते. त्याची रक्तातील पातळी एकदम उसळते, अंडी अंतिम पक्व होतात आणि अंडाशयातून सुटतात.

दिव्याने फसलेले मासे

दिवसाची लांबी खरोखर इतकी महत्त्वाची आहे का, हे तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे कृत्रिम दिवस. अमेरिकेत १९३७ मध्ये हूव्हर आणि हबर्ड यांनी ट्राउट माशांना दिव्यांच्या साहाय्याने आधी लांब आणि नंतर आखूड होत जाणारे दिवस दाखवले. शरद ऋतूत अंडी देणाऱ्या या माशांनी नेहमीच्या हंगामाच्या कितीतरी आधी अंडी दिली. आज ट्राउटची अंडी वर्षभर मिळतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

नॉर्वेमध्ये सामनच्या शेतीत हेच ज्ञान उलट कारणासाठी वापरतात. सामन लवकर वयात आला तर त्याची वाढ मंदावते आणि मांसाचा दर्जा घसरतो. म्हणून समुद्रातील पिंजऱ्यांवर जानेवारीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत रात्रभर दिवे लावतात. या प्रकाशाने माशाचे आतले घड्याळ पुढे सरकते आणि 'यंदा पक्व व्हायचे की नाही' या निर्णयाची वेळ लवकर येते. त्या वेळी अंगात पुरेसा साठा नसल्याने पुष्कळ मासे तो बेत पुढच्या वर्षावर ढकलतात, असे मानले जाते.

पण नॉर्वेतील बर्गनमध्ये उन्हाळ्याचा दिवस सुमारे १९ तासांचा, तर हिवाळ्याचा सहा तासांहूनही लहान असतो. आपल्याकडच्या सव्वादोन तासांच्या फरकाची माशांना काय मातब्बरी?

या प्रश्नावर भारतात चांगले काम झाले आहे. दिल्ली विद्यापीठात सुंदरराज आणि वासल यांनी सिंघी या माशावर केलेले प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. अंडाशयाच्या वाढीसाठी पाण्याची ऊब अधिक महत्त्वाची असून लांब दिवस तिला साथ देतो, असे त्यांतून दिसले. शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठात मैत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कटला माशावर काम केले. तयारीच्या काळात कटल्यांना रोज १६ तास प्रकाश दिला, तेव्हा त्यांची अंडाशये वेळेआधी वाढीला लागली. थोडक्यात, आपल्या भागात प्रकाश एकटा राज्य करत नाही. प्रकाश, ऊब आणि खाद्य मिळून तयारीचा आदेश देतात.

कुंडलिकेचा दाखला

आता पावसाकडे येऊ. त्याचे काम काय, हे कोलाडची कुंडलिका फार छान शिकवते. मुळशी जलाशयाचे पाणी सह्याद्रीवरून भिरा येथील वीजकेंद्रात उतरते. १९२७ पासून सुरू असलेल्या या केंद्रातून वीज तयार झाल्यावर ते कुंडलिकेत सोडले जाते. त्यामुळे कोकणातील इतर छोट्या नद्या आटतात, तेव्हाही ही नदी वाहती राहते. पाणी सोडले की जानेवारीतही तिला जोराचा प्रवाह येतो. याच प्रवाहावर कोलाडला पर्यटकांच्या रबरी होड्या धावतात.

प्रवाह हेच विणीचे कारण असते, तर जानेवारीतही कुंडलिकेला वलगण लागली असती. तसे होत नाही, कारण तेव्हा चढणाऱ्या जातींची अंडाशये भरलेलीच नसतात. तयारीचा निरोप आलेला नसताना 'चला' या हाकेला अर्थ नसतो.

याच्या नेमके उलट उदाहरण शेततळ्यात सापडते. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील मासे. तळ्यात त्यांना ऊन मिळते, ऊब मिळते, खाद्य मिळते. जूनपर्यंत मादीचे पोट गाबोळीने फुगते. पण तळ्याला पूर येत नाही, प्रवाह नसतो. दुसरा निरोप न आल्याने मादी अंडी देत नाही आणि काही आठवड्यांनी ती अंडी शरीरातच विरून जातात. म्हणूनच पूर्वी या माशांचे बीज पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करावे लागे. त्यात नको असलेल्या जातींची पिल्लेही भरपूर येत.

ही अडचण हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी सोडवली. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे त्यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी मिळवली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुराने जे करायचे ते इंजेक्शनने केले.

पुढे या यशाचे कारणही उलगडले. पियूषिकेत शेवटचे संप्रेरक साठलेले असते, पण मेंदूतील डोपामिन त्याच्या वाटेवर लगाम धरून बसते. आजच्या तयार औषधांत म्हणूनच दोन घटक असतात. एक पियूषिकेला चेतवतो, दुसरा डोपामिनचा लगाम सैल करतो. संध्याकाळी प्रजनक माशांना टोचून हाप्यात किंवा गोलाकार टाकीच्या वाहत्या पाण्यात सोडले की सकाळपर्यंत अंडी मिळतात. मात्र हेच औषध डिसेंबरातील रिकाम्या अंडाशयाच्या मादीला टोचले, तर काहीच हाती लागत नाही. इंजेक्शन पुराची जागा घेते, लांबत जाणाऱ्या दिवसांची नाही.

शेतकऱ्याला याचे काय?

कोकणात पाऊस भरपूर, पण पुष्कळ तळ्यांत पाणी टिकते थोडेच महिने. जिरे जुलैत मिळाले तर बोटुकली तयार व्हायला दोन-तीन महिने जातात आणि मासा विक्रीच्या वजनाला येण्याआधीच तळे आटू लागते. बीज महिना-दीड महिना आधी मिळाले, तर तेवढी वाढ पदरात पडते. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी प्रकाश आणि तापमान दोन्ही नियंत्रित करून हंगामाबाहेर कार्प माशांचे बीज मिळवण्याचे प्रयोग केले आणि ते २०१० मध्ये प्रसिद्ध केले. छोट्या शेतकऱ्याला दिवे आणि गरम पाणी परवडेलच असे नाही. पण प्रजनक माशांची निगा आणि खाद्य जूनमध्ये नव्हे, तर दिवस वाढू लागतात तेव्हापासूनच सांभाळायला हवे, एवढा धडा फुकट मिळतो.

वर्गात करून पाहा

भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून प्रत्येक महिन्याच्या २१ तारखेचे सूर्योदय आणि सूर्यास्त घ्या, दिवसाची लांबी काढा आणि आलेख काढा. त्याच कागदावर पहिला मोठा पाऊस कधी पडला आणि बाजारात गाबोळीची चिवणी पहिल्यांदा कधी दिसली, त्या तारखा मांडा. कोळी-आगरी घरांतील मुलांकडून ही माहिती सहज मिळेल. दोन-तीन वर्षे नोंदी ठेवल्या की पावसाची खूण मागेपुढे सरकताना दिसेल आणि दिवसाची रेघ जागेवरच राहील.

हा आलेख काढणाऱ्या मुलांशी आणखी एक गोष्ट बोलायला हवी. वलगणीची मादी काही महिन्यांची तयारी पोटात घेऊन वर चढत असते. पहिल्याच रात्री ओढ्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावून सगळी चढण अडवली, तर ती तयारी वाया जाते आणि पुढल्या वर्षीची चिवणीही घटते. निम्मा ओढा मोकळा ठेवला तर गाबोळी आपल्यालाही मिळेल आणि ओढ्यालाही.